चंद्रकोर बोलते, ओव्हर

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी धामणवेळ बंदरातले सगळे आकाशफोन एकदम मुके झाले. एखाददुसरा बिघडला असता तर कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण सगळे, आणि तेही एकाच क्षणी? बारा वर्षांच्या किमया चोगलेने आईच्या होडीवरचा आकाशफोन (उपग्रहामार्फत बोलणारा फोन) उलटासुलटा करून पाहिला. ना स्क्रू, ना झाकण, ना फट. नुसता गुळगुळीत काळा डबा. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘उघडल्यास हमी रद्द.’

ही गोष्ट अजून घडायची आहे. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कदाचित घडेल. आणि तेव्हाही असले डबे विकणारे असतीलच. पैसे तुमचे, डबा तुमच्या होडीवर, पण आत डोकवायचं नाही. एक सांगून ठेवतो. जी वस्तू तुम्हाला उघडता येत नाही ती तुमची नसते. ती तुमच्याकडे नुसती पाहुणी म्हणून आलेली असते, आणि पाहुणा कधी उठून जाईल ते पाहुणाच ठरवतो.

“सुरी घालू नकोस त्यात. तो बिघडलेला नाही,” होडीच्या कडेवरून आवाज आला.

आधी दोन पाय वर आले, मग आणखी सहा. ती चिंबोरी होती, बंदर संस्थेची खेकड्यासारखी रोबो. होड्यांच्या तळाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडणं हे तिचं काम. लोखंडी तळाला पाय चिकटावेत म्हणून तिच्या पावलांत चुंबक होते, आणि डोळे पोटाच्या बाजूला होते, कारण तिला कायम खालीच बघायचं असे. पण तिच्या डोक्यात गेल्या पन्नास वर्षांतल्या होड्यांचे सगळे नकाशे भरून ठेवले होते, आणि जीभ तर अशी, की खलाशीसुद्धा तिच्या नादी लागत नसत.

“बिघडला नाही तर बोलत का नाही?” किमयाने विचारलं.

“काल सूर्यावर मोठा स्फोट झाला. विद्युतभारित कणांचा (अंगावर वीज घेऊन धावणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा) लोंढा पृथ्वीकडे आला. उपग्रहांनी स्वतःची यंत्रं वाचवायला डोळे मिटून घेतले. संस्थेच्या तारेच्या फोनवर आत्ताच खबर आलीय. तुमचा फोन जागा आहे गो, पण तो ज्याच्याशी बोलतो तो झोपलाय.”

“उठणार कधी?”

“आठवड्याने, महिन्याने. सूर्य मला विचारून शिंकत नाही.”

महिना म्हणजे संपलंच. धामणवेळमध्ये एक नियम होता, आणि तो कोणी सरकारी बाबूने केलेला नव्हता, बंदरानेच केला होता. मुकी होडी समुद्रात जाणार नाही. काही वर्षांपूर्वी एक मुकी होडी गेली होती, ती परत आली नाही. तेव्हापासून ज्या होडीला आवाज नाही तिने किनाऱ्यावर बसायचं.

आणि उद्या मासेमारीचा हंगाम सुरू होणार होता. किमयाच्या आईचा, दर्शना चोगलेचा, तांडेल म्हणून पहिलाच हंगाम. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. बाई तांडेल झाली म्हणून अर्ध्या बंदराने नाकं मुरडली होती. मोठ्या मिनतवारीने धर्माकाका आणि दोन खलाशी ‘चंद्रकोर’वर यायला तयार झाले होते.

ते तिघे धक्क्यावर उभे होते आणि त्यांच्याशी हिराजी तांडेल बोलत होता. हिराजी संस्थेचा अध्यक्ष. त्याच्या मोठ्या ट्रॉलरवर जुना रेडिओ अजून बसवलेला होता, त्यामुळे तो आज खुशीत होता.

“सूर्यास्ताला कासवगडचं दीपगृह रेडिओवरून प्रत्येक होडीला नावाने हाक मारणार,” तो मुद्दाम मोठ्याने सांगत होता. “शाळेत हजेरी घेतात तशी. उत्तर पोचलं ती होडी उद्या निघेल. दर्शना, तुझी पोरगी डबा हलवतेय तो रिकामाच हलवतेय गो. तुझे खलाशी माझ्याकडे पाठव. पोरं तरी उपाशी राहायची नाहीत.”

धर्माकाका आईजवळ आला आणि खाली बघत म्हणाला, “वैनी, आमच्या मनात काही नाही. पण हंगाम एकदाच येतो. हजेरीत चंद्रकोरचं नाव लागलं तर आम्ही तुझे. नाही लागलं तर...”

“कळलं,” आई म्हणाली.

किमया चिंबोरीकडे वळली. “हिराजीकाकाच्या रेडिओला उपग्रह लागत नाही?”

“नाही. तो व्हीएचएफ रेडिओ. एका काठीतून लहर निघते, सरळ दुसऱ्या काठीत जाते. मध्ये कोणी दलाल नाही.” चिंबोरीने दोन पाय चोळले. “आकाशफोन आले तेव्हा तुमच्या लोकांनी असले रेडिओ काढून संस्थेच्या गोदामात फेकले. जुन्या जाळ्यांखाली. मी पाहिलेत.”

पुढचं वाक्य ऐकायला किमया तिथे नव्हतीच.

गोदामातून ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत जाळ्याचे धागे होते, आणि हातात विटेएवढा जाडजूड रेडिओ, गुंडाळलेली काळी केबल आणि एक पांढरी काठी. रेडिओच्या मागे चार स्क्रू होते. ते पाहून तिला इतका आनंद झाला की तिने आधी ते चारही उघडले. आत धूळ होती, एक वाळलेलं झुरळ होतं, पण काही जळालेलं नव्हतं.

“ही काठी म्हणजे अँटेना (लहरी हवेत सोडणारा आणि हवेतून पकडणारा भाग),” चिंबोरी म्हणाली. “कुठे लावशील?”

“केबिनच्या टपावर. हाताशी राहील.”

“कासवगड इथून अठ्ठेचाळीस किलोमीटर. पोचणार नाही.”

“का? रेडिओत जोर कमी आहे?”

“जोर पंचवीस वॅट आहे, भरपूर आहे. मला सांग, परत येणाऱ्या होडीचं तुला आधी काय दिसतं?”

हे किमयाला विचारायची गरज नव्हती. लहानपणापासून ती धक्क्यावर बसून तेच बघत आली होती. “आधी डोलकाठीचं टोक. मग केबिन. मग माणसं.” बोलता बोलता ती थांबली. “कारण पृथ्वी गोल आहे. खालचा भाग पाण्याच्या फुगवट्याआड असतो.”

“व्हीएचएफची लहर तुझ्या नजरेसारखी आहे. सरळ जाते, फुगवट्यावरून वाकून फारशी जात नाही. जितकी काठी उंच तितकं लांबचं दिसणार. ढोबळ हिशोब सांगते. पाण्यापासून अँटेना किती मीटर उंच आहे, त्याचं वर्गमूळ काढ (जी संख्या स्वतःनेच गुणली की ती उंची मिळते). त्याला चाराने गुण. तितके किलोमीटर. मग दोन्ही टोकांचे किलोमीटर मिळव. कासवगडची अँटेना शंभर मीटरवर आहे.”

“शंभराचं वर्गमूळ दहा. चाळीस किलोमीटर.” किमयाने टपाकडे पाहिलं. “टप दोन मीटर. दोनाचं वर्गमूळ दीडहून कमी. म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर. एकूण साडेपंचेचाळीस. अडीच कमी पडले.” मग तिने मान वर केली. “डोलकाठी नऊ मीटर. वर्गमूळ तीन, बारा किलोमीटर. चाळीस आणि बारा बावन्न.”

बघा, नुसती काठी उचलून वर लावायची, आणि गाव कासवगडाला भिडतं. त्यासाठी कोणाचा आकाशातला उपग्रह लागत नाही, महिन्याची वर्गणी लागत नाही. वर्गमूळ येत असलं की पुरे. शाळेत वर्गमूळ शिकवतात, पण ते कशासाठी हे सांगायला कोणाला वेळ नसतो. आता तुम्हाला कळलं.

चिंबोरीचे चुंबकाचे पाय लाकडी डोलकाठीवर चढेनात. म्हणून आईने दोराला फळी बांधली, किमयाला तिच्यावर बसवून कंबरेला दुसरा दोर आवळला, आणि धर्माकाकाने कप्पीवरून तिला वर ओढलं. वरून बंदर तळहाताएवढं दिसत होतं. तिने अँटेना टोकावर पक्की बसवली आणि केबल डोलकाठीला बांधत बांधत खाली आली.

“केबल केबिनच्या भोकातून आत शिरायच्या आधी तिला एक झोल दे,” चिंबोरीने सांगितलं. “भोकाच्या खालपर्यंत लोंबू दे. पाऊस केबलवरून ओघळत येतो. झोलाच्या तळाशी आला की गळून पडतो, आत शिरत नाही.”

मग केबलचं टोक सोलायचं काम आलं. मधे तांब्याची एक तार, तिच्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्याच्याभोवती बारीक तारांची विणलेली जाळी आणि वर काळं आवरण.

“मधली तार आणि जाळी एकमेकींना शिवता कामा नयेत,” चिंबोरी म्हणाली. “जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तर सगळी शक्ती तिथेच संपते.”

किमयाने एकेक केस मागे वळवला, डोळ्याजवळ धरून पुन्हा पाहिलं आणि मग वितळलेल्या कथलाने जोड झाळला. वरच्या टोकाला तिने आधीच रबरी पट्टी ताणून गुंडाळली होती, खारं पाणी आत जाऊ नये म्हणून.

रेडिओ कुठे बसवायचा यावर धर्माकाकाचं मत तयार होतं. “होकायंत्राच्या बाजूला ठेव. सगळं एका नजरेत येतं.”

किमयाने रेडिओ तिथे नेला मात्र, होकायंत्राची सुई थरथरली आणि हळूच वळली. धर्माकाका चमकून मागे सरला. “भूत शिरलं का यात?”

“चुंबक शिरलाय,” चिंबोरी म्हणाली. “स्पीकरमध्ये (विजेचा आवाज करणाऱ्या भागात) चुंबक असतो. इथे बसवलात तर उत्तरेला जायला निघाल आणि भलतीकडे पोचाल. एक हात तरी लांब न्या. त्याहून लांब नेलात तर आणखी चांगलं.”

शेवटी बॅटरी राहिली. लाल तार धन टोकाला, काळी ऋण टोकाला. लाल तारेत फ्यूज (जास्त वीज वाहिली की स्वतः वितळून वाट तोडणारी बारीक तार) बसवायचा होता. किमयाने तो रेडिओजवळ धरला.

“तिथे नको, बॅटरीजवळ. तार होडीत घासते, तिचं आवरण जातं. फ्यूज रेडिओपाशी असला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी तार उघड्यावर. ती पेटली तर कोण तोडणार वाट?”

किमयाने निमूटपणे फ्यूज बॅटरीजवळ बसवला आणि रेडिओचं बटण दाबलं. पडद्यावर नारिंगी उजेड आला. माइकचं बटण दाबायला तिचा अंगठा शिवशिवत होता.

“थांब. अँटेनाची केबल आधी जोड. ती नसताना बटण दाबलंस तर निघालेली शक्ती जायला वाट नसते. ती परत रेडिओत येते आणि त्यालाच भाजते.”

केबल जोडली. सोळा नंबरचा चॅनेल लावला, समुद्रात एकमेकांना हाक मारायचा चॅनेल. किमयाने बटण दाबलं.

“कासवगड, कासवगड, ही चंद्रकोर, धामणवेळ. आवाज येतोय का? ओव्हर.”

बटण सोडलं. दाबून असेपर्यंत आपण बोलतो, सोडलं की ऐकतो. ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, आता तुमची पाळी. थोडी खरखर झाली, आणि मग एक भारदस्त बाईचा आवाज होडीभर पसरला.

“चंद्रकोर, ही कासवगड. स्वच्छ ऐकू येतंय. संध्याकाळी हजेरीला थांबा. ओव्हर.”

आईने तोंडावर पदर धरला. धर्माकाकाने रेडिओच्या पाठीवर अशी थाप मारली की चिंबोरी ओरडली, “तो बैल नव्हे.”

दुपार सजावटीत गेली. पौर्णिमेच्या आधी होडीला रंग देतात, पताका लावतात, हळदकुंकू वाहतात. आणि धामणवेळची एक रीत अशी, की होडीवर जी नवी वस्तू आली तिला सगळ्यात आधी सजवायचं. आईने रेडिओला हळदकुंकू लावलं. मग ट्रंकेतून एक माळ काढली. तांब्याच्या तारेवर बेगडाचे चंदेरी तुकडे गुंफलेली, तिने स्वतः केलेली. होडीच्या सर्वांत उंच टोकाला बांधायची. आता सर्वांत उंच टोक म्हणजे नवी अँटेनाच. किमया पुन्हा वर गेली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिने माळ काठीभोवती खालपासून वरपर्यंत घट्ट गुंडाळली. खालून चंद्रकोर अशी झगमगली की शेजारच्या होड्यांवरच्या बायका बघत राहिल्या.

सूर्य पाण्याला टेकायला आला. धक्क्यावर गर्दी जमली. हिराजी तांडेल हात मागे बांधून चंद्रकोरसमोर येऊन उभा राहिला. रेडिओतून कासवगडच्या बाईंचा आवाज येत होता, एकेका बंदराचं, एकेका होडीचं नाव. बऱ्याच नावांनंतर नुसती खरखर यायची, आणि बाई पुढचं नाव घ्यायच्या.

“चंद्रकोर, धामणवेळ. ओव्हर.”

“कासवगड, ही चंद्रकोर. हजर आहे. ओव्हर.”

खरखर.

“चंद्रकोर, धामणवेळ, तुमचा आवाज नाही. ओव्हर.”

किमयाने पुन्हा सांगितलं, मोठ्याने सांगितलं. तिला माहीत होतं की मोठ्याने बोलून लहर लांब जात नाही, तरी ओरडली.

“उत्तर नाही. ज्या होड्या राहिल्या त्यांना शेवटी पुन्हा एकदा हाक मारीन. पुढची होडी...”

“मुकीच ती,” हिराजी म्हणाला. “नटवली म्हणून बोलायला लागते का?”

धर्माकाकाने वळकटी उचलली आणि खांद्यावर टाकली. बाकीचे दोघे त्याच्या मागे निघाले. किमयाला रडू फुटणार होतं, पण रडायला बसलं की डोकं चालत नाही, आणि आत्ता डोकं हवं होतं. दुपारी बोललेला रेडिओ आता मुका. दोन्हींच्या मध्ये काय बदललं?

“त्या आपल्याला ऐकू येतात, आपण त्यांना नाही. असं कसं?” तिने विचारलं.

“त्यांचा जोर आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त. मधे कुठे अडथळा असला तरी त्यांचं थोडंफार पोचतं, आपलं पोचत नाही.” चिंबोरीने एक नांगी केबलच्या जोडात अडकवली. “शक्ती मोजते. बटण दाब.”

किमयाने दाबलं.

“रेडिओतून पंचवीस वॅट निघतात. त्यातले पंधरा परत येतात. दुपारी एकसुद्धा येत नव्हता.”

“म्हणजे रेडिओ ठीक. बॅटरी ठीक.” किमया बोटांवर मोजत बोलू लागली. “केबलमधून वर जातात आणि वरून परत येतात. केबल कोणी हलवली नाही. मग वरच्या टोकालाच भिंत आहे. वर काय दिसतंय तुला?”

“काही नाही. माझे डोळे पोटाला आहेत.”

किमयाने मान वर केली. मावळत्या उन्हात माळ लखलखत होती.

“चिंबोरी, अँटेना एवढीच का असते? मीटरभरच?”

“आपली लहर जवळजवळ दोन मीटर लांब. काठी तिच्या निम्मी, मीटरभर. मापात असली की लहर तिच्यात अचूक हेलकावते आणि बाहेर फेकली जाते. घंटा जशी आपल्या मापाने वाजते तशी.”

“आणि वाजती घंटा मुठीत धरली तर?”

“तर ठप्प.”

“मी मुठीत धरलीय,” किमया म्हणाली. “तांब्याच्या तारेने आवळलीय. बेगडाने गुंडाळलीय. सगळा धातू. तिचं माप बिघडवलं मी. आई, फळी दे.”

धर्माकाका वळला. “गो पोरी, नारळ समुद्रात पडेपर्यंत सजावट उतरवत नाहीत. तांडेलाच्या पहिल्या हंगामाला तर मुळीच नाही.”

आईने एकदा त्याच्याकडे, एकदा वर पाहिलं. रेडिओतून बाई शेवटच्या बंदराची नावं घेत होत्या.

“उतरवणार नाही मी,” किमया फळीवर बसत म्हणाली. “खाली सरकवणार. अँटेनाच्या खाली, डोलकाठीच्या लाकडाला बांधते. लाकडातून लहर निघत नाही, त्याला कितीही नटवा. उंच टोकाच्या दोन-तीन हात खाली चालेल ना रीतीला?”

धर्माकाकाने वळकटी धक्क्यावर टाकली, उडी मारून होडीत आला आणि दोर धरला. “रीतीला मी समजावतो. बस नीट.”

असा झपाट्याने त्याने तिला याआधी ओढलं नव्हतं. वर वारा होता. माळेचा बेगड बोटांना कापत होता. किमयाने वेढे सोडले, एक, दुसरा, तिसरा, माळ खांद्यावर घेतली, दोन-तीन हात खाली आली आणि डोलकाठीभोवती बांधली. अँटेना पुन्हा उघडी, पांढरी, साधी दिसू लागली. खालून चिंबोरी ओरडली, “ओव्हर म्हणू नकोस, उतर.”

तिचे पाय फळ्यांना लागले तेव्हा रेडिओतून आवाज आला.

“राहिलेल्या होड्या. चंद्रकोर, धामणवेळ. ओव्हर.”

किमयाने माइक उचलला. बोटांतून थोडं रक्त येत होतं. मग तिने तो आईच्या हातात दिला. तांडेल आई होती.

आईने बटण दाबलं. “कासवगड, ही चंद्रकोर. तांडेल दर्शना चोगले बोलते. ओव्हर.”

चिंबोरीची नांगी जोडावर होती. “परत काही नाही आलं,” ती पुटपुटली. “सगळी शक्ती हवेत गेली.”

“चंद्रकोर, स्वच्छ आवाज. हजेरी लागली. उद्या सांभाळून जा, तांडेल. ओव्हर.”

धक्क्यावर कोणीतरी शिट्टी मारली. धर्माकाकाने उरलेल्या दोघांना हाक मारून वळकट्या आत फेकायला लावल्या, आणि त्या फेकताना एक मुद्दाम हिराजीच्या पायाजवळून फेकली. हिराजी बाजूला सरकला. मग घसा खाकरून म्हणाला, “पोरीला वर्गमूळ येतं म्हणे.”

“तुमच्या ट्रॉलरलाही माळ बांधलीय ना, काका?” किमया म्हणाली. “बघून घ्या कुठे बांधलीय.”

हिराजीने वळून आपल्या ट्रॉलरकडे पाहिलं, आणि मग जरा घाईनेच तिकडे निघाला.

रेडिओ पुन्हा खरखरला. “चंद्रकोर, तुमच्या बंदरातल्या आणखी होड्यांची नावं माझ्याकडे आहेत. एकीचंही उत्तर नाही, मोठ्या ट्रॉलरचंसुद्धा नाही. तुमचा रेडिओ कोणी बसवला? ओव्हर.”

आईने माइक किमयाकडे केला. किमयाने बंदराकडे पाहिलं. प्रत्येक होडीवर एकेक गुळगुळीत काळा डबा पडलेला होता, आणि गोदामात जुन्या जाळ्यांखाली चार स्क्रूंचे रेडिओ पडलेले होते. चिंबोरी केव्हाच गोदामाच्या दिशेने चालू लागली होती, आठही पायांनी.

“मी बसवला. किमया चोगले,” ती म्हणाली. “बाई, त्या होड्यांना उद्या संध्याकाळी पुन्हा हाक मारा. उत्तर येईल. ओव्हर.”